'यात कोणी बोलतच नाही?' : मूक विनोदी चित्रपटाला माणसं कशी आणायची

(भागाचं लिखित रूप. बोलताना शंभर वेळा आलेलं 'म्हणजे ना' काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं. प्रवासात इअरफोन विसरलेल्यांसाठी.)

आजचा भाग एका मेसेजमुळे होतोय, पण सुरुवात माझ्या फजितीने करते.

गेल्या वर्षी मी आणि माझ्या दोन मित्रांनी ठरवलं, की आमच्या गावात एक मूक विनोदी चित्रपट दाखवायचा. गाव म्हणजे तालुक्याचं ठिकाण. दोन टॉकीज होत्या, त्यातल्या एकीचं मंगल कार्यालय झालंय. आम्ही निवडला बस्टर कीटनचा 'स्टीमबोट बिल ज्युनियर', १९२८ सालचा, सत्तर मिनिटांचा. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे मूळ चित्रपटाचा प्रश्न नव्हता. वाचनालयाचा हॉल मिळाला, १२० खुर्च्या. सभासद आणि त्यांच्या घरच्यांसाठी प्रवेश मोफत.

आले किती? ११. त्यात माझे आई-बाबा, वाचनालयाच्या मॅडम आणि हॉलची किल्ली ज्यांच्याकडे असते ते काका. फुकट असून ११!

पोस्टर मी केलं होतं. ऑफिसचं काम संपवून रात्री दोनपर्यंत बसून. वर लिहिलं होतं, 'जागतिक चित्रपटसृष्टीतील अजरामर मूक कलाकृती'. खाली कीटनचा गंभीर चेहरा, काळा-पांढरा, भोवती काळी चौकट. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदाराने ते बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं गं?"

तेव्हा मी हसले नाही. आज हसते, कारण त्यांनी मला मार्केटिंगचा पहिला धडा फुकटात दिला होता. विनोदी चित्रपटाची जाहिरात मी भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससारखी केली होती.

आता मेसेजबद्दल. आपल्या एका श्रोत्याने मित्रांसोबत एक चित्रपट केलाय. दीड तासाचा, विनोदी, आणि त्यात संवाद एकही नाही. वडिलांनी एफडी मोडून पैसे दिलेत. बऱ्याच फोननंतर एका सिंगल स्क्रीनच्या मालकाने दुपारी १२ चा शो दिलाय, एक आठवडा, टक्केवारीवर. मालकाचा प्रश्न होता, "यात कोणी बोलतच नाही? मग लोकांना सांगू काय?" आणि श्रोता मला विचारतोय, ताई, सांगू काय?

मी कोड लिहिणारी बाई, वितरक नाही. पण त्या ११ माणसांनंतर मी या विषयावर बरंच वाचलं. आणि गंमत म्हणजे हाच प्रश्न १९३१ साली चार्ली चॅप्लिनला पडला होता.

तेव्हा काय परिस्थिती होती बघा. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' आला आणि बोलपटांची लाट सुरू झाली. दोन-तीन वर्षांत हॉलिवूडने मूकपट जवळपास गुंडाळले. चॅप्लिन मात्र १९२८ पासून 'सिटी लाइट्स'वर काम करत होता आणि त्याने ठरवलं, भटक्या बोलणार नाही. संगीत असेल, आवाजांच्या गमती असतील, संवाद नाहीत. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळं मार्केट नव्या व्हर्जनवर गेलंय आणि हा गडी जुन्यावर नवं प्रॉडक्ट काढतोय.

तयार झाल्यावर त्याने लॉस एंजेलिसमधल्या एका थिएटरमध्ये गुपचूप चाचणी शो लावला. आधी काहीही जाहीर न करता. पुढचं सगळं त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. थिएटर अर्धं रिकामं. बसलेले लोक गंभीर चित्रपट बघायला आलेले. पडद्यावर अचानक चॅप्लिन! अर्धा चित्रपट होईपर्यंत त्यांना आपण काय बघतोय हेच उमजेना. हशा आला, पण मरतुकडा. संपायच्या आधीच काही जण उठून चालते झाले.

इथे थांबा जरा. चित्रपट तोच, ज्याला आज जगातल्या उत्तम चित्रपटांत धरतात. कलाकार तोच, जगातला त्या वेळचा सगळ्यात ओळखीचा चेहरा. तरी फ्लॉप शो. का? कारण प्रेक्षक हसायच्या तयारीने आला नव्हता. बोलपटात पात्रं बोलून बोलून तुम्हाला वातावरणात ओढतात. मूक विनोदात ती सोय नाही. प्रेक्षकाने स्वतः बघायचं, स्वतः ओळखायचं, मग हसायचं. आणि शेजारचा हसला की आपण जास्त हसतो. अर्धं रिकामं थिएटर, त्यात गोंधळलेली माणसं, मग पडद्यावर कितीही मोठा विनोदवीर असो, हशा पेटत नाही.

म्हणून माझं मत असं झालंय, की मूक विनोदी चित्रपटाची जाहिरात करताना 'चित्रपट किती थोर आहे' हे सांगण्यात काही अर्थ नाही. आज दुपारी इथे येऊन तुम्ही हसणार आहात आणि तुमच्यासोबत अजून माणसं असतील, हे सांगायचं. बाकीचं चित्रपट बघून घेतो.

चॅप्लिनने पुढे काय केलं ते भारी आहे. 'युनायटेड आर्टिस्ट्स' ही वितरण कंपनी त्याच्याच मालकीची होती, म्हणजे मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्यासोबत १९१९ मध्ये काढलेली. पण कंपनीतल्या लोकांनाही या चित्रपटाची फार खात्री नव्हती. मग गड्याने न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज एम. कोहान हे थिएटरच भाड्याने घेतलं. साधारण ११५० खुर्च्या, भाडं आठवड्याला ७,००० डॉलर, आठ आठवड्यांची हमी. थिएटर आडबाजूला, फारसं न चालणारं.

टक्केवारी आणि भाडं यातला फरक इथे समजून घ्या, कारण आपल्या श्रोत्याच्या ते कामाचं आहे. टक्केवारीवर शो घेतला की तिकिटाच्या पैशात थिएटरवाला आणि तुम्ही दोघं वाटेकरी. लोक आले नाहीत तर नुकसान दोघांचं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो तुमचा शो काढायचं बघणार. भाड्याने घेतलं की थिएटरवाला निवांत, सगळी जोखीम तुमची. पण मग दर तुम्ही ठरवता, वेळा तुम्ही ठरवता, दारावर काय लावायचं तेही तुम्हीच. चॅप्लिनकडे पैसा होता, त्याला परवडलं. वडिलांच्या एफडीवर ही उडी मारू नका!

तर, चॅप्लिन प्रदर्शनाच्या काही दिवस आधी न्यूयॉर्कला पोहोचला आणि बघतो तर त्याच्याच कंपनीने दिलेली जाहिरात अगदीच मिळमिळीत. साधारण आशय असा, की आपला जुना दोस्त परत आलाय. बस. कुठे, केव्हा, केवढ्याला, काही जोर नाही. चिडून त्याने मोठ्या वर्तमानपत्रांत रोज अर्ध्या पानाच्या जाहिराती सुरू केल्या. त्यात होतं काय? त्याचं नाव, थिएटरचं नाव, चित्रपटाचं नाव, दिवसभर सलग शो आणि तिकिटाचे दर. एवढंच. कथा नाही, 'कलाकृती' तर नाहीच नाही. या जाहिरातींवर त्याने ३०,००० डॉलर जादा घातले आणि थिएटरच्या दर्शनी बाजूला विजेच्या दिव्यांची पाटी लावली, तिचे आणखी ३०,०००.

दराचा किस्सा तर अजून छान. दुसरी मोठी थिएटरं बोलपट आणि वर स्टेजवरचा कार्यक्रम असं दोन्ही देऊन जास्तीत जास्त ८५ सेंट घ्यायची. चॅप्लिनने मूकपटाला ५० सेंट आणि एक डॉलर लावले. कंपनीवाले म्हणाले, वेडा आहेस का? त्याचं म्हणणं होतं, ज्याला बघायचंय तो १५ सेंटसाठी अडणार नाही, आणि ज्याला बघायचं नाही तो दर पाडून येणार नाही. ६ फेब्रुवारी १९३१ ला चित्रपट लागला आणि १२ आठवडे चालला. त्या एका थिएटरमधून खर्च वजा जाता चार लाख डॉलर मिळाले, असं तो लिहितो.

आमचा शो फुकट होता, हे आठवलं तरी मला आता कसंतरी होतं. फुकट म्हटल्यावर लोकांना वाटलं असणार, एखाद्या कंपनीचं कुकर विकायचं प्रात्यक्षिक आहे.

जाता जाता एक. न्यूयॉर्कच्या आठवडाभर आधी, ३० जानेवारीला, लॉस एंजेलिसमध्ये पहिला खेळ झाला होता, नव्याकोऱ्या लॉस एंजेलिस थिएटरात. शेजारी पाहुणे कोण, तर अल्बर्ट आइनस्टाइन. पहिली तीन रिळं झाली, लोक हसून हसून बेजार, आणि मध्येच चित्रपट बंद! दिवे लागले आणि लाउडस्पीकरवरून घोषणा, की आता या सुंदर थिएटरची वैशिष्ट्यं ऐका. चॅप्लिन म्हणे त्या मॅनेजरला शोधत रागाने धावत सुटला. प्रेक्षकांनी आरडाओरडा केल्यावर चित्रपट परत सुरू झाला. सांगायचा मुद्दा, चालू खेळात सत्कार, नारळ, प्रायोजकांचे आभार असलं काहीही घुसवू नका. हशा एकदा तुटला की परत पेटवायला वेळ लागतो.

मग लोकांचं लक्ष वेधायला काहीही करायचं का? तर नाही. हॅरल्ड लॉइडचा 'सेफ्टी लास्ट' तुम्ही पाहिला नसेल तरी तो फोटो पाहिलाच असेल, उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला. १९२३ चा चित्रपट. त्याच्या जाहिरातीसाठी मार्च १९२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हॉटेल मार्टिनिकच्या भिंतीवर एक जण दोराशिवाय चढत होता. अशा माणसांना तेव्हा 'ह्यूमन फ्लाय', मानवी माशी, म्हणायचे. खाली गर्दी जमली होती. त्या गर्दीसमोर तो वरून पडला आणि गेला. पडद्यावर लॉइडच्या पोटापाण्यासाठीच्या चढाईवर आपण हसतो. बाहेर तेच काम पोटासाठी करणारा एक माणूस मेला. रीलसाठी पुलाच्या कठड्यावर चढणारी पोरं बघितली की मला ही गोष्ट आठवते.

आता आपल्या मातीत येऊ. दादासाहेब फाळक्यांना आपण पहिले निर्माते म्हणून ओळखतो, पण माझ्या मते ते तेवढेच पक्के जाहिरातवाले होते. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा चित्रपटासोबत नाच होता, पायांवर वस्तू खेळवणारा जगलर होता, विनोदी तुकडे होते. लोकांना पडदा नवा होता, स्टेज माहितीचं होतं. म्हणून ओळखीच्या गोष्टीचं बोट धरून अनोळखी गोष्टीकडे नेलं. सुरतेचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. तिथे लोकांना दोन आण्यांत सहा सहा तास नाटक बघायची सवय. दीड तासाच्या खेळाला पैसे कोण देणार? मग जाहिरात झाली, की ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचा चित्रपट, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! वेळ कमी वाटतोय ना, मग लांबी मैलांत सांगा. ग्राहकाच्या मापात आपला माल मोजून दाखवणं म्हणजे आणखी काय असतं?

'हरिश्चंद्र' विनोदी नव्हता, मान्य. पण फाळक्यांनी 'पिठाचे पंजे' नावाचा छोटा मूक विनोदपट केला होता आणि १९१४ मध्ये तो 'मोहिनी भस्मासुर'सोबत दाखवला. विनोद सुटा विकण्याऐवजी पौराणिक कथेसोबत जोडून दिला.

दुसरं उदाहरण बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिलं असेल. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा १९८७ चा 'पुष्पक'. कमल हासन, अमला, टिनू आनंद. एकही संवाद नाही. असा चित्रपट डब करायची गरजच नाही, तीच प्रिंट कुठेही लावा. पण नाव बघा. कन्नडमध्ये 'पुष्पक विमान', हिंदीत 'पुष्पक' आणि तमिळमध्ये 'पेसुम पडम', म्हणजे चक्क 'बोलणारा चित्रपट'! मला हे प्रचंड आवडतं. चित्रपटाला भाषा लागली नाही, पण थिएटरच्या दारावरच्या पाटीला लागली. बंगळूरमध्ये तो ३५ आठवडे चालला. कथाही तिथलीच होती, लोकांना आपलं शहर दिसत होतं, हेही विसरू नका.

हे सगळं जुनं झालं, आता कोण बघतंय, असं वाटत असेल तर थेट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला चला. 'हंड्रेड्स ऑफ बीव्हर्स' नावाचा चित्रपट, दिग्दर्शक माइक चेस्लिक. बीव्हर म्हणजे दातांनी झाडं पाडून नदीत बांध घालणारा चपट्या शेपटीचा प्राणी. एक दारू बनवणारा माणूस बर्फात सगळं गमावतो आणि व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करायचं तर त्याला शेकडो बीव्हर पकडून आणायचे असतात. काळा-पांढरा, जवळजवळ शून्य संवाद. बीव्हर कोण, तर मॅस्कॉटचे सूट घातलेली माणसं! बजेट दीड लाख डॉलर, म्हणजे तिकडच्या हिशेबाने चिल्लर. पंधराशेहून जास्त इफेक्ट शॉट दिग्दर्शकाने घरी बसून 'आफ्टर इफेक्ट्स'मध्ये केले. हे वाचून माझ्यातली इंजिनिअर उठून उभी राहिली.

२०२२ मध्ये ऑस्टिनच्या फँटास्टिक फेस्टमध्ये तो पहिल्यांदा दाखवला. पुढे वितरकांच्या ऑफर त्यांना पटल्या नाहीत, म्हणून त्यांनी चित्रपट स्वतःच थिएटरांत न्यायचं ठरवलं. एकेका थिएटरशी बोलून, एकेका गावात जाऊन. आणि खेळाला नुसता चित्रपट नसायचा. नायक रायलंड टूज स्वतः हजर, बीव्हरच्या सूटमधला माणूस हजर, आणि दोघांची प्रेक्षकांसमोर कुस्ती! आपल्या तमाशाच्या गाड्या जशा गावोगाव जातात, तसंच की हे. एप्रिल २०२४ मध्ये तो ऑनलाइन आला, तरी थिएटरांतले खेळ चालूच राहिले. घरी मोबाइलवर बघता येत असताना लोक तिकीट काढून का गेले? मला तरी एकच उत्तर दिसतं. तो चित्रपट एकट्याने बघताना गमतीदार वाटतो, आणि दोनशे माणसांत बघताना पोट दुखतं.

सूट, कुस्ती, दिव्यांची पाटी, दोन मैल लांबी, सगळ्यांनी चित्रपटाच्या बाहेर काहीतरी असं ठेवलं, की ज्याची गोष्ट घरी सांगता येईल.

तर मित्रा, तुझ्यासाठी. पोस्टरवर 'मूक' हा शब्द मोठा लिहू नकोस. आपल्याकडे मूक म्हटलं की लोकांना मूक मोर्चा आठवतो. 'एकही डायलॉग नाही, नातवापासून आजीपर्यंत सगळ्यांना कळेल' असं लिही. किती मिनिटांचा आहे ते लिही. थिएटरचं नाव चित्रपटाच्या नावाएवढंच मोठं. आणि तुझ्याकडे एक अशी सोय आहे जी चॅप्लिनकडे नव्हती. एसटीत, लोकलमध्ये, ऑफिसात लोक व्हिडिओ बघतात ते आवाज बंद करून. बोलपटाचा ट्रेलर तिथे अर्धा मरतो, तुझा शंभर टक्के पोहोचतो. चाळीस सेकंदांचा एकच विनोद काप, पूर्ण, सुरुवात आणि शेवट असलेला. ट्रेलरसारखे दहा तुकडे नकोत, कारण विनोदाला आधी तयारी लागते आणि मग फटका. तो स्टेटसला जाऊ दे.

१२ चा शो हा रडायचा विषय नाही. त्या वेळेला गावात कोण मोकळं असतं ते शोध. कॉलेज सुटलेली मुलं, निवृत्त मंडळी, महिला मंडळ. आपल्या गावात मूकबधिर शाळा असेल तर पहिलं आमंत्रण तिथे दे, आणि ते दयेपोटी नव्हे. पडद्यावर काय चाललंय हे दुसऱ्या कोणाला विचारावं न लागता थेट बघता येईल असा खेळ त्यांच्या वाट्याला किती वेळा येतो? फक्त आधी तिथल्या शिक्षकांना एकदा दाखव. आणि सात दिवस शंभर शंभर माणसं जमवायच्या मागे लागू नकोस. पहिल्या दिवशीचा एक शो गच्च भर, बाकीचे शो त्याच्या हशावर चालले तर चालतील. मराठी दिग्दर्शक किशोर बेळेकरांचा 'गांधी टॉक्स' हा विनासंवाद चित्रपट २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फीत दाखवला गेला, पण त्यात विजय सेतुपती आहे आणि ए. आर. रहमानचं संगीत आहे. तुझ्याकडे ती नावं नाहीत. तुझ्याकडे तुझं गाव आहे.

आम्ही काय केलं ते सांगते आणि थांबते. चार महिन्यांनी तोच चित्रपट, तोच हॉल. या वेळी पोस्टर पिवळं. त्यावर कोसळणाऱ्या भिंतीचं चित्र. कीटनच्या अंगावर घराची अख्खी दर्शनी भिंत पडते आणि वरच्या खिडकीच्या मोकळ्या जागेत तो उभा असल्यामुळे वाचतो. ती भिंत खरी होती, साधारण दोन टन वजनाची, आणि उभं राहायची जागा काही इंच चुकली असती तर संपलं होतं. पोस्टरवर एकच प्रश्न लिहिला, 'हा वाचतो का?' खाली वार, वेळ, सत्तर मिनिटं, सोबत पेटी आणि तबला. मूकपटांच्या काळात आपल्याकडे पडद्याशेजारी हीच वाद्यं असायची, आणि नव्या पार्श्वसंगीताच्या हक्कांची भानगडही त्यामुळे मिटली.

८३ माणसं आली. भिंत पडायच्या आधी तबलजीने वाजवणं थांबवलं. हे ठरलं नव्हतं, तो स्वतःच पडद्याकडे बघत राहिला होता. हॉलमध्ये चिडीचूप. भिंत पडली, कीटन उभाच, आणि मागच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, "वाचला बाबा!" आमचे किराणा दुकानदार. त्यानंतर जो हशा झाला तो मी मोबाइलवर रेकॉर्ड केलाय, भागाच्या शेवटी लावते.

मित्रा, तुझा शुक्रवारचा १२ चा शो. मी सुट्टी टाकलीये. तिकीट काढून येणार आहे, पासावर नाही.

भेटू पुढच्या भागात.